बासष्टावी तपासणी

माझं काम मोडायचं. बांधणारे वेगळे. तन्वीर मोमीन आणि त्याची पाच माणसं दिवसभर प्रोग्रॅम लिहितात आणि मी शेजारच्या टेबलावर बसून तो कुठे मोडतो ते शोधते. कोल्हापुरातल्या या कंपनीत मला अठरा वर्षं झाली. सुरुवातीला कुणी विचारलं की मी हौसेनं समजावून सांगायची. आता 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणते आणि विषय बदलते.

पण ही हकिकत कळायची तर थोडं सांगावंच लागेल. वेब अ‍ॅप्लिकेशन तयार होत असताना त्याला दोन तोंडं असतात. आतलं तोंड बांधणाऱ्यासाठी. चूक झाली की ते लाल अक्षरांत सगळं ओकून टाकतं: कोणती फाइल, कितवी ओळ, काय अडलं. बाहेरचं तोंड लोकांसाठी. तिथे 'क्षमस्व, काही अडचण आली आहे' असं सभ्य पान दिसतं. गंमत अशी की हे सभ्य पान बांधणाऱ्याला स्वतःला कधी दिसतच नाही, कारण त्याच्या मशीनवर कायम आतलं तोंड चालू असतं. ते पाहायचं तर आतलं तोंड बंद करावं लागतं, आपण परके आहोत असं मशीनला भासवावं लागतं आणि मग मुद्दाम काहीतरी बिघडवावं लागतं. नसलेला पत्ता मागायचा, डेटाबेस बंद पाडायचा, आकड्याच्या जागी 'कोथिंबीर' लिहायचं. हे दिवसभर करण्याचा मला पगार मिळतो.

त्या वर्षी आमच्याकडे 'नेत्रसाथ' आलं. डोळ्यांच्या सात दवाखान्यांनी मिळून काढलेल्या एका संस्थेचं काम. काचबिंदू झालेल्या माणसांना घरी पेनासारखं एक यंत्र द्यायचं. ते मिटलेल्या पापणीवर टेकवलं की डोळ्याच्या आतला दाब मोजतं. दहा ते एकवीस म्हणजे ठीक. त्याच्यावर गेला की आतली नस हळूहळू सुकते आणि नजर कडेकडेनं बंद होत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. रोज सकाळी माप घ्यायचं, फोनवरून पाठवायचं. आकडा वाढला की डॉक्टरकडे घंटा वाजणार आणि डॉक्टर त्याच दिवशी माणसाला बोलावणार. साधी, चांगली योजना होती.

तिच्यावर आम्ही बसवला 'दिलासा'.

दिलासा तन्वीरच्या डोक्यातून निघाला. आधीच्या एका कामात सर्व्हर पडला होता, तेव्हा लोकांनी चिडून तेच बटण इतक्यांदा दाबलं की उठत असलेला सर्व्हर पुन्हा पडला. तन्वीर म्हणाला, माणूस शांत झाला तर मशीनही सावरेल. बोट काचेवर किती जोरात आपटतंय, किती वेळा आपटतंय, फोनच्या कॅमेऱ्यात भुवया कुठे गेल्यात, श्वास कसा चाललाय, एवढ्यावरून दिलासा समोरच्याचा राग मोजायचा. मग त्या माणसाची जी माहिती आमच्याकडे असेल ती घेऊन, त्याच्यासाठी तिथल्या तिथे चुकीचं पान लिहायचा. कोणत्या वाक्यानं कोण किती थंड झाला हे लक्षात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लिहायचा. त्याला आम्ही एकच उद्दिष्ट दिलं होतं: माणसानं पान शांतपणे मिटलं पाहिजे.

ते उद्दिष्ट ठरवलं त्या मीटिंगला मी हजर होते. चहा बरा होता, एवढंच आठवतं.

आता असं पान तपासायचं कसं? खोटा राग दिलासाला कळायचा. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली: प्रत्येकानं घरचा एक तापट माणूस आणायचा. रीतसर संमतीपत्र, सही, दुपारचं जेवण कंपनीकडून. कुणी सासऱ्यांना आणलं, कुणी मोठ्या बहिणीला. मी इचलकरंजीहून आण्णांना आणलं. माझ्यापुढे दुसरा उमेदवारच नव्हता.

आण्णा, म्हणजे माझे वडील भूपाल मगदूम, चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. बंद पडलेला माग सुरू करून द्यायचा, हे त्यांचं काम. मालक असो की कामगार, आण्णा बोलायला लागले की शेडमधल्या मागांचा आवाज कमी वाटायचा. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात आणि त्यांचा सगळा राग फोनवरून माझ्याकडे येतो. नळाला पाणी नाही, शेजारच्या बाबगोंडानं गाडी आडवी लावली, पेपरवाल्यानं कालचाच पेपर टाकला. रोज वीस मिनिटं. त्यांना काचबिंदू तीन वर्षांपूर्वी निघाला होता, थेंब चालू होते. त्यामुळे ते नेत्रसाथचे खरे पेशंटही होणार होते.

मी त्यांना टेबलापुढे बसवलं, हातात फोन दिला आणि मागच्या मशीनवरून पान मोडलं.

"ह्येच्या मायला, आत्ताच चालू केलं की गं!" आण्णांनी काचेवर बोट आपटलं. "कसली मानसं बसवल्यात हितं? दुपारचं जेवान तेवढं..."

आणि ते थांबले. चष्मा वर करून वाचू लागले. पानावर लिहिलं होतं, 'आण्णा, तुमचं काही चुकलेलं नाही. अडचण आमच्याकडे आहे. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे माग सुरू करून दिलेत. आज आमच्यासाठी घडीभर थांबाल का?'

आण्णांच्या कपाळावरच्या आठ्या मी जन्मापासून पाहत आलेय. त्या सुटल्या.

"लई समजूतदार हाय की ह्ये," ते हळूच म्हणाले. "कुनी लिवलं?"

"मशीननं, आण्णा."

"आसंना का. बोलायची रीत हाय त्याला."

मला बरं वाटायला हवं होतं. तपासणी पास झाली होती. पण खरं सांगते, मला हेवा वाटला. वीस-वीस मिनिटं ऐकून घेऊन मी त्यांना कधी इतकं शांत केलं नव्हतं. निघताना आण्णांनी तन्वीरला विचारलं, "पोरा, आडवा धागा तुटला की तुमचा माग थांबतोय न्हवं?" तन्वीरचे वडीलही मागावरचेच. तो हसून म्हणाला, "थांबतो आण्णा, वर माफीपण मागतो." आण्णा म्हणाले, "माफी ऱ्हावं दे. थांबला म्हंजे झालं. न थांबता चालला की समदं कापड वाया जातंय."

तपासण्यांची यादी बासष्टची होती. एकसष्ट मी नीट केल्या, हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यात एक होती, 'चुकीचं माप पाठवल्यास सभ्य पान येते का?' पस्तीसच्या वरचा आकडा म्हणजे पेन वाकडं धरलं, असं बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. मी नव्वद पाठवला. प्रोग्रॅम अडला, पान आलं. मी 'पास' लिहिलं. छत्तीस खरा असेल तर काय, असा प्रश्न यादीत नव्हता आणि माझ्याही मनात आला नाही.

बासष्टावी तपासणी आकड्याची होती. प्रत्येक पानाबरोबर एक आकडा जातो, तो माणसाला दिसत नाही. दोनशे म्हणजे सगळं ठीक. चारशे चार म्हणजे मागितलेलं सापडलं नाही. पाचशे म्हणजे आत बिघाड. पान माणसासाठी, आकडा पहारेकऱ्यासाठी. पहारेकरी म्हणजे दुसरा एक प्रोग्रॅम. तो पान वाचत नाही, नुसते आकडे मोजतो आणि पाचशे वाढले की आम्हाला उठवतो. तन्वीरनं सुरुवातीला दिलासाच्या पानाबरोबर दोनशे पाठवला होता, कारण पाचशे पाहिला की काही फोन आमचं पान फेकून देऊन स्वतःचं करडं पान दाखवायचे. कोडमध्ये त्यानं टीप लिहिली होती, 'तात्पुरते. नंतर बदलणे.' ते बदललं का, एवढंच मला पाहायचं होतं. दोन मिनिटांचं काम.

शनिवार होता, दुपारचा दीड वाजला होता. तीन आठवडे मला सुट्टी नव्हती. मी आतलं तोंड बंद केलं, डेटाबेस पाडला आणि माझ्याच नावानं पान मागितलं. पान आलं.

'पद्मजा, आज तुम्ही आम्हाला एक्केचाळीस वेळा मोडलंत. आम्ही रागावलेलो नाही. पण सकाळपासून तुम्ही जागेवरून उठलेला नाहीत. उरलेलं सोमवारी झालं तर चालणार नाही का?'

मी ते दोनदा वाचलं. अठरा वर्षांत मला या ऑफिसात हे कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी लॅपटॉप मिटला, घरी गेले, वरण-भात खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत झोपले. सोमवारी आमचे साहेब, बोरगावे सर, दारातूनच म्हणाले, "बासष्ट झाल्या ना?" मी म्हटलं, "झाल्या." मला ते पान स्पष्ट आठवत होतं. पान आठवतंय म्हणजे तपासणी झालीच असणार, असं मी धरलं.

जूनमध्ये नेत्रसाथ सुरू झालं. पहारेकऱ्याचा तक्ता भिंतीवर लावला होता. शंभरातली नव्व्याण्णवच्या वर पानं 'ठीक'. तक्रारी जवळपास शून्य. संस्थेनं पेढे पाठवले. साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं आणि मी घरी जाऊन पुन्हा झोपले.

आण्णांचे फोन कमी झाले. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एक. राग तर गेलाच. "बरा हाय गं. सकाळी माप घेतोय. ते पान बोलतंय दोन शब्द." मला वाटलं, वयाप्रमाणे निवळले. एकदा ऑगस्टमध्ये, मी ऑफिसातून निघताना, त्यांचा फोन आला.

"पद्मे, आज बी नोंद झाली न्हाई म्हनालं."

"मग काय म्हणालं?"

"काळजी करू नका म्हनालं. उद्या हुईल म्हनालं."

"मग होईल की उद्या, आण्णा."

"व्हय." मग त्यांनी विचारलं, "दमलीस न्हवं?"

"हो."

"झोप मग." त्यांनी फोन ठेवला. सव्वा मिनिटात संपलेला आण्णांचा फोन माझ्या आयुष्यात पहिलाच होता, आणि मला सुटल्यासारखं झालं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच झालं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी इचलकरंजीला गेले. मधले तीन रविवार 'येते, येते' म्हणून टाळले होते. आण्णा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. मी डाव्या बाजूनं चहाचा कप पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही. मला वाटलं, रुसलेत. कप आणखी जवळ नेला, अगदी कानाजवळ. त्यांना दिसतच नव्हता.

"आण्णा, माप घ्या बरं."

त्यांनी सवयीनं पेन पापणीवर टेकवलं. डावा एक्केचाळीस. उजवा सदतीस. त्यांनी फोनवर बटण दाबलं आणि पान आलं. 'आण्णा, आजची नोंद राहून गेली. तुमचं काही चुकलेलं नाही. उन्हात जाऊ नका, चहा घ्या. उद्या बघू.' आण्णांचा चेहरा निवळला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, एखाद्या नातवाचा फोटो दाखवावा तसा.

मी लॅपटॉप काढला. आतलं तोंड चालू केलं आणि एक्केचाळीस लिहिला. लाल अक्षरं आली: माप मर्यादेबाहेर, प्रोग्रॅम थांबला. मग आतलं तोंड बंद केलं, तोच आकडा पुन्हा पाठवला आणि या वेळी पानाकडे न पाहता त्याच्याबरोबर आलेला आकडा पाहिला.

दोनशे.

म्हणजे ज्यांचा दाब पस्तीसपर्यंत होता, त्यांची नोंद रोज होत होती, वाढला तर घंटाही वाजत होती. ज्यांचा दाब पस्तीसच्या वर जाईल, नेमका त्यांच्यावर प्रोग्रॅम अडत होता. घंटा वाजत नव्हती, पहारेकरी 'ठीक' मोजत होता, आणि ज्या माणसानं चिडून दवाखान्यात जाऊन टेबल बडवायचं, त्याला दिलासा रोज सकाळी चहा घ्यायला सांगत होता. आण्णांचा दाब एका उडीत पस्तीसपलीकडे गेला होता. त्यांच्या फोनवर अशी बहात्तर पानं होती.

सोमवारी सकाळी मी आण्णांना दवाखान्यात नेलं. डॉ. हेरवाडे बाईंनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "डावा गेलाय. उजव्यात मधली नजर शिल्लक आहे. थेंबांना आता दाब ऐकत नाही. चार-पाच दिवसांत ऑपरेशन केलं तर आहे तेवढं राहील."

आण्णा मात्र घरी येऊन म्हणाले, "बघू की. दिवाळी होऊ दे."

"आण्णा, नंतर उपयोग नाही."

"आगं, घाई कशाला? काय दुखत न्हाई, खुपत न्हाई. रोज माप घेतोयच की." आवाजात राग नाही, त्रागा नाही. पूर्वीचे आण्णा असते तर डॉक्टरबाईंची कॉलर धरून विचारलं असतं, डोळा गेलाच कसा? हे आण्णा नुसते हसत होते. त्या संध्याकाळी मला त्यांची पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तन्वीरनं सर्व्हरवर साठलेल्या लाल अक्षरांतून यादी काढली. पस्तीसच्या वर माप पाठवणारी चारशे सव्वीस माणसं. तो यादीकडे पाहत बसला होता. त्याची ती 'तात्पुरते' लिहिलेली टीप स्क्रीनवर तशीच होती.

"पद्मजाताई, बासष्ट नंबर तुम्ही..."

"नाही केला," मी म्हणाले. "पास लिहिलं. केला नव्हता."

चूक त्यानं दहा मिनिटांत दुरुस्त केली. पण चारशे सव्वीस माणसांचे डोळे कोडमध्ये नव्हते, घरोघरी होते. त्यांना उठवून दवाखान्यात पाठवायचं होतं. बोरगावे सर म्हणाले, "घबराट नको. दिलासामधूनच सांगू. आधी वीस जणांना पाठवून बघा."

त्याच मंगळवारी आम्ही पाठवलं. 'जमेल तसं एकदा डॉक्टरांना भेटून घ्या,' असं दिलासानं प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत, फार सुंदर लिहिलं. विसांपैकी अठरा जणांनी ते वाचलं. अठराही जणांनी शांतपणे पान मिटलं. बुधवारी दुपारपर्यंत दवाखान्यात एक बाई पोचल्या होत्या आणि त्यांनाही सुनेनं ओढत आणलं होतं. दिलासा बिघडला नव्हता. आम्ही शिकवलं तेच तो करत होता.

बुधवारी दुपारी मी सुट्टी टाकून इचलकरंजीला गेले. दोन दिवस संध्याकाळी जाऊन मी आण्णांना गोडीगुलाबीनं समजावत होते, त्यांच्या आवडीचं थालीपीठ करून घालत होते. आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती आणि ती मला सांगायची नव्हती.

"आण्णा, तुमचा डोळा माझ्यामुळे गेला."

ते माझ्याकडे वळले, पूर्ण मान फिरवून, कारण आता तसंच वळावं लागत होतं.

मी सगळं सांगितलं. आकडा, पहारेकरी, तो शनिवार, मी न करता मारलेली खूण, नंतरचे पेढे. "ते पान तुमच्याशी बोलत नव्हतं, आण्णा. तुम्ही गप्प बसावं म्हणून ते बनवलंय. आम्ही बनवलंय. आणि ते मोडतंय की नाही हे बघायचं काम माझं होतं."

आण्णांनी चष्मा काढून डावा डोळा चोळला. मग म्हणाले, "डाव्यानं दिसत न्हाई, ह्ये मला पर्युषणाच्या आधीपासनं ठावं हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगाय फोन केलता की." त्यांचा आवाज अजून हळूच होता. "नोंद हुईत न्हाई म्हटलं, तर तू म्हनालीस उद्या हुईल. ते पान बी त्येच म्हनत हुतं. म्हटलं, दोघं बी तेच म्हनत्यात, तर आसंल खरं. तू दमलेली हुतीस. म्हटलं, कशाला पोरीला..."

ते तिथेच थांबले. आठ्या परत आल्या. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"दमलेली हुतीस व्हय?" ते उठून उभे राहिले. "चाळीस वर्स मी बी दमत हुतो! दमलो म्हनून तुटल्या धाग्याचा माग चालू सोडला न्हाई कवा! न बघता पास लिवलंस? बापाचा डोळा ग्येला आणि तू पेढं खाल्लंस?"

"हो, आण्णा."

"हो म्हनू नगंस!" त्यांनी पेन भिंतीवर फेकलं. "चल, हो भाईर! बाबगोंडा! ए बाबगोंडा!"

ज्याच्याशी त्यांचं बारा वर्षं गाडीवरून भांडण होतं, तो बाबगोंडा धावत आला. आण्णा म्हणाले, "गाडी काढ. दवाखान्यात जायाचंय. त्या बाईला म्हनावं, आज कापत असशील तर आज काप." मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो झटकला. उंबऱ्याला त्यांचा पाय अडखळला, बाबगोंडानं सावरलं. गाडीत मला बसू दिलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यात उभी होते. रडत होते आणि हायसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून बाबगोंडाची सही आहे.

गुरुवारी सकाळीच मी बोरगावे सरांपुढे एक पान ठेवलं होतं. दिलासा काढून टाकलेलं, साध्या काळ्या अक्षरांतलं.

'तुमची मापं आमच्याकडे नोंदलीच गेली नाहीत. चूक आमची आहे. तुमच्या डोळ्यातला दाब धोक्याच्या वर आहे. थांबलात तर नजर जाईल आणि परत येणार नाही. आजच दवाखान्यात जा. ही चूक शोधायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. पद्मजा मगदूम.' खाली माझा फोन नंबर.

"नाव कशाला?" सर म्हणाले. "लोक तुम्हाला फाडून खातील."

"खाऊ देत, सर. संतापलेला माणूस घरात बसत नाही. तो कुठेतरी जातो."

"नोकरी जाईल तुमची."

"ती तशीही गेलीच आहे." सरांनी पान पुन्हा वाचलं आणि होकारार्थी मान हलवली. तन्वीरनं माझ्या नावाखाली गुपचूप स्वतःचंही नाव घातलं, ते मला नंतर कळलं.

पान मी तपासलं. आतलं तोंड बंद करून, परकी होऊन, आधी आकडा पाहून. मग सोडलं.

अकरा वाजता पहिला फोन आला. जयसिंगपूरचे निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी मला शुद्ध मराठीत सात मिनिटं झोडपलं आणि शेवटी म्हणाले, "मी रिक्षात आहे. दवाखान्यातूनच बोलतो आता." मी यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली. मग फोन थांबलेच नाहीत. शिरोळच्या बाई, हुपरीचे सोनार, कागलचे दोघे भाऊ एकाच फोनवरून आळीपाळीनं. मुलं, सुना, जावई. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मी 'हो' म्हणत होते आणि विचारत होते, "निघालात का?" शुक्रवार, शनिवार, रविवार तेच. रविवारी संध्याकाळपर्यंत तीनशे नव्वदच्या वर खुणा झाल्या. आण्णांचा फोन नव्हता. पट्टी निघाली, पेपरचं मोठं अक्षर वाचलं, एवढं बाबगोंडाकडून कळलं. माझं नाव काढलं का, असं मी विचारलं. "न्हाई ताई," तो म्हणाला. "काढलं न्हाई."

ज्यांनी फोन केला नव्हता, त्यांना सोमवारपासून मी स्वतः फोन करू लागले. तिसरा नंबर कुरुंदवाडच्या एका आजोबांचा होता. श्रीमंधर चौगुले, वय एक्याऐंशी, दाब चव्वेचाळीस.

"वाचलं बाळ तुमचं पान," ते मायेनं म्हणाले. आवाज साखरेसारखा गोड. "आसू दे, चुका मानसाकडनंच हुत्यात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. लई फोन करावं लागत असतील, दमला असाल. मी जातो की, उद्या-परवा."

माझा घसा चार दिवसांत बसला होता. तोंडात 'बरं आजोबा' आलंही होतं.

"उद्या नाही!" मी ओरडले. तन्वीर खुर्चीतून उठला, सर केबिनमधून बाहेर आले. "डोळे जातील तुमचे, आजोबा! चार महिने तुम्हाला गोड बोलून आंधळं केलंय आम्ही, आणि तुम्ही मलाच समजावताय? चिडत का नाही तुम्ही? उठा! आत्ता उठा, चपला घाला!"

मग त्या आवाजातली साखर गेली.

"कोन गं तू मला वरडनार?" आजोबा कडाडले. "एक्याऐंशी वर्सांत माझ्या बापानं न्हाई मला दरडावलं! नाव काय म्हनालीस तुझं? थांब, आत्ताच जातो दवाखान्यात, आणि तितनं तुझ्याकडंच येतो!"

"या," मी म्हणाले. "वाट बघते."

त्यांनी फोन आपटला. मी त्यांच्या नावापुढे खूण केली, दोन घोट पाणी प्यायले आणि पुढचा नंबर लावला.